१०६४ आला? ‘नियर’च्या पुढचं वाचा

या महिन्याच्या पत्रांत एकच आकडा पुन्हा पुन्हा दिसला : १०६४. मायएसक्यूएल हा डेटाबेस किंवा त्याचं भावंड मारियाडीबी वापरणाऱ्यांच्या तो ओळखीचा असेल. ‘यू हॅव ॲन एरर इन युअर एसक्यूएल सिंटॅक्स’ असं सुरू होणारं ते लांबलचक वाक्य. बहुतेकांनी पत्रात एवढंच उतरवलं आणि पुढचं कापलं. कामाचं असतं ते नेमकं कापलेलं. त्यामुळे ज्यांनी संदेश शेवटपर्यंत पाठवला, त्यांचीच पत्रं मी आधी घेतली आहेत. पक्षपात म्हणा हवं तर.

एक खुलासा. मासिकाच्या शिरस्त्याप्रमाणे इथं कोड देवनागरीत छापला आहे. टाइप करताना तो रोमन अक्षरांतच करायचा, आकडेसुद्धा. आकडे का, ते रत्नागिरीच्या पत्रात येईल.

प्रश्न : मॅडम, एका प्रभागसंघासाठी मी बचतगटांच्या नोंदींचं वेब ॲप सांभाळतो. हप्ते, अंतर्गत कर्ज, बैठकीची हजेरी असं सगळं त्यात आहे. मागच्या आठवड्यात होस्टिंगवाल्यांनी रात्रीतून सर्व्हर बदलला आणि सकाळपासून गटांची यादी उघडेना. संदेश येतो तो असा : ‘... राइट सिंटॅक्स टू यूज नियर 'ग्रुप्स व्हेअर तालुका_आयडी = ४' ॲट लाइन १’. कोडला मी हातही लावलेला नाही. पीएचपी फाइलची पहिली ओळ पुन्हा पुन्हा पाहिली, तिथं काहीच नाही. टेबल जागेवर आहे. पीएचपीमायॲडमिनमध्ये उघडतं, नोंदी दिसतात. नावाला सिंगल कोट लावून पाहिला, तरी तेच. आणि गंमत म्हणजे कर्जवसुलीचा एक अहवाल आजही चालतो, तोही याच टेबलातून वाचतो! गावोगावच्या गटांचं काम पाहणाऱ्या सीआरपी ताई फोनवर फोन करतायत, आमच्या नोंदी गेल्या का म्हणून.
— एक वाचक, सातारा

उत्तर : नोंदी कुठंही गेलेल्या नाहीत. आधी ताईंना हे कळवा, मग पुढचं वाचा.

एवढ्या खात्रीनं सांगते, कारण १०६४ हा आकडा डेटाबद्दल काही बोलतच नाही. क्वेरी, म्हणजे डेटाबेसला एसक्यूएल भाषेत दिलेली आज्ञा, आली की मायएसक्यूएल आधी तिचं व्याकरण तपासतं. हे टेबल खरंच आहे का, कॉलम आहे का, नोंदी किती, हे प्रश्न त्यानंतरचे. टेबल नसेल तर ११४६ येतो, कॉलम नसेल तर १०५४, पासवर्ड चुकला तर १०४५. १०६४ आला याचा अर्थ गाडी दारातच अडली, टेबलापर्यंत कुणी गेलंच नाही. म्हणून ‘टेबल तर आहे’ हा तुमचा मुद्दा खरा असला तरी इथं त्याचा उपयोग नाही.

आता ‘लाइन १’. ही पीएचपी फाइलची ओळ नव्हे. डेटाबेसला तुमची फाइल दिसत नाही. व्हेरिएबल्स, जोडाजोडी, इफ-एल्स सगळं आटोपून शेवटी जी क्वेरी त्याच्या हातात पडते, तिची ही पहिली ओळ. तुमची क्वेरी एकाच ओळीची, त्यामुळे ती नेहमी लाइन १ च असणार. हे कळलं नाही तर माणूस तासन्‌तास चुकीच्या फाइलकडे बघत बसतो.

खरी खूण ‘नियर’च्या पुढे आहे. मायएसक्यूएल डावीकडून वाचत जातं, आणि ज्या शब्दापाशी त्याचं डोकं अडतं तिथून पुढचा मजकूर छापतं, फार तर ८० अक्षरं. म्हणजे छापलेल्या मजकुराचा पहिला शब्द, नाहीतर त्याच्या लगेच आधीचं काहीतरी, एवढ्यातच गुन्हेगार असतो. तुमच्या संदेशात पहिला शब्द आहे ‘ग्रुप्स’. ‘सिलेक्ट * फ्रॉम’पर्यंत सगळं पटलं, ‘ग्रुप्स’ म्हटल्यावर ते थांबलं.

का थांबलं? तुमचा जुना सर्व्हर मायएसक्यूएल ५.७ चा असणार आणि नवा ८.० किंवा त्यापुढचा. ८.० एप्रिल २०१८ मध्ये आलं, आणि त्यात विंडो फंक्शन्स आली : रँक, लॅग, लीड, रो_नंबर वगैरे. नवीन व्याकरण आलं की त्यासाठी शब्द राखून ठेवावे लागतात, म्हणजे ते नाव म्हणून सरळ वापरता येत नाहीत. त्या यादीत ‘ग्रुप्स’ गेला. सोबत ‘रँक’, ‘रोज’, ‘लीड’, ‘सिस्टम’, ‘एम्प्टी’, ‘फंक्शन’ हेही गेले. ५.७ ची अधिकृत देखभाल ऑक्टोबर २०२३ मध्ये संपली, म्हणून होस्टिंग कंपन्यांनी सर्व्हर बदलले. बदलणं योग्यच होतं; ग्राहकाला आठ दिवस आधी कळवायला मात्र काही खर्च येत नव्हता.

पीएचपीमायॲडमिनमध्ये टेबल उघडतं, कारण तो प्रोग्रॅम स्वतः क्वेरी लिहिताना प्रत्येक नावाला बॅकटिक लावतो. कीबोर्डवर एस्केपच्या खाली, १ च्या डावीकडे असलेलं ते तिरपं चिन्ह. बॅकटिकमधलं नाव राखीव असो नसो, मायएसक्यूएल ते निव्वळ नाव म्हणून घेतं. बॅकअप घेणारा मायएसक्यूएलडम्पही तसंच करतो; म्हणून नव्या सर्व्हरवर तुमचं टेबल विनातक्रार चढलं आणि स्थलांतराच्या वेळी कुणाला शंका आली नाही. सिंगल कोट लावून काम झालं नाही, कारण सिंगल कोटमध्ये येतो मजकूर, टेबलाचं नाव नव्हे. ‘फ्रॉम’नंतर मजकूर आला तर ते पुन्हा अडणारच.

राहिला तो चालणारा अहवाल. त्याची क्वेरी उघडून पाहा. माझा अंदाज, ती दुसऱ्या कुणीतरी लिहिली आहे आणि त्यात टेबलाआधी डेटाबेसचं नाव आहे : ‘फ्रॉम बचत.ग्रुप्स’ अशा धाटणीचं. बिंदूनंतर येणारा शब्द हे नावच असणार, असा मायएसक्यूएलचा नियम आहे, त्यामुळे तिथं राखीव शब्दही बिनबॅकटिकचा खपतो. असा एखादा अपवाद दिसला की लोक सर्व्हरवर, नशिबावर, अगदी कॅशेवर संशय घेतात. वास्तविक तपासाची सुरुवात त्या अपवादापासूनच करावी. चालणारी क्वेरी आणि न चालणारी क्वेरी शेजारी शेजारी ठेवली असती तर तुम्हाला माझ्या पत्राची गरजही पडली नसती.

आज रात्रीपुरता इलाज : सगळ्या फाइल्समध्ये ‘ग्रुप्स’ शोधा आणि जिथं ते टेबलाचं नाव आहे तिथं बॅकटिक घाला. पण एवढ्यावर थांबू नका. बॅकटिक प्रत्येक वेळी आठवणीनं लावावा लागतो, आणि पुढचा मुलगा तो विसरणार. सवडीनं टेबलाचं नावच बदला, ‘बचत_गट’ करा. मराठी नावांचा हा एक फायदा कुणी सांगत नाही : गट, हप्ता, सभासद, गाव हे शब्द राखून ठेवायचं मायएसक्यूएल बनवणाऱ्या ओरॅकल कंपनीच्या इंजिनियरांच्या मनातही येणार नाही. नाव बदलायच्या आधी बॅकअप घ्या, आणि ‘रिनेम टेबल’ लिहिताना जुन्या नावाला बॅकटिक लागेल हे ध्यानात ठेवा.

आणखी कुठले शब्द अडकतील, हे सर्व्हरलाच विचारता येतं : ‘सिलेक्ट वर्ड फ्रॉम इन्फर्मेशन_स्कीमा.कीवर्ड्स व्हेअर रिझर्व्हड = १’. ही यादी तुमच्या टेबलांच्या आणि कॉलमांच्या नावांशी ताडून पाहा. मायएसक्यूएल शेलमध्ये अपग्रेडपूर्वी करायची तपासणीही आहे, तीसुद्धा अशी नावं दाखवते. हे काम खरं तर होस्टिंगवाल्यांनी रात्री सर्व्हर बदलण्याआधी करायचं होतं.

प्रश्न : ताई, आमच्या पतपेढीचं सभासद नोंदणीचं सॉफ्टवेअर बरंच जुनं आहे. नवीन सर्व्हरवर नेल्यापासून काही सभासदांची नावं चढत नाहीत. ‘अँटन डि'मेलो, पापडी’ असं भरलं की ‘नियर 'मेलो', 'पापडी')' ॲट लाइन १’. डि'सोझा, डि'सिल्वा, डि'कुन्हा, सगळ्यांचं तेच. आणि आमच्याकडे तर निम्मी यादी त्यांचीच. जुन्या सर्व्हरवर हीच नावं जायची, पण काही जुन्या पासबुकांवर त्यांच्या नावात उलटी तिरकी रेघ छापून आलेली आहे. आणखी एक नवल : ऑफिसच्या कॉम्प्युटरवरून नाव जात नाही, पण लिपिक स्वतःच्या आयफोनवरून भरतो तेव्हा जातं. व्यवस्थापक म्हणतात, ते टिंब नावातून काढूनच टाकू.
— एक वाचक, वसई

उत्तर : व्यवस्थापकांना नम्रपणे ‘नाही’ सांगा. पॅनवर एक नाव आणि पासबुकावर दुसरं, अशी भानगड उभी राहिली की सभासदाला हेलपाटे घालावे लागतात. नाव त्यांचं आहे, ते बदलायचा अधिकार सॉफ्टवेअरला नाही.

क्वेरीत काय घडतंय ते पाहू. तुमचा प्रोग्रॅम फॉर्ममधलं नाव उचलून क्वेरीच्या मजकुरात जसंच्या तसं चिकटवतो. शेवटी तयार होतं ते असं : ‘इन्सर्ट इंटू सभासद (नाव, गाव) व्हॅल्यूज ('अँटन डि'मेलो', 'पापडी')’. ‘अँटन’च्या आधीच्या कोटनं मजकूर सुरू झाला, ‘डि’नंतरच्या कोटनं तो संपला. मग मायएसक्यूएलला स्वल्पविराम किंवा कंस हवा होता, आणि समोर आलं ‘मेलो’. संदेशही बरोबर तिथूनच सुरू होतो, बघा.

पूर्वी का चालायचं? जुन्या पीएचपीत ‘मॅजिक कोट्स’ नावाची सोय होती. फॉर्ममधून आलेल्या प्रत्येक सिंगल कोटआधी ती आपोआप उलटी तिरकी रेघ घालायची, न विचारता. चांगल्या हेतूनं केलेली आणि अनेकांना आळशी करून गेलेली सोय. पीएचपी ५.४ मध्ये, २०१२ साली, ती काढून टाकली. तुमच्या प्रोग्रॅमच्या काही पानांत कुणीतरी काळजीपोटी हातानंही रेघ घातली असणार. तिथं दोनदा रेघ लागली आणि एक नावाबरोबर टेबलात जाऊन बसली. पासबुकावर छापून येते ती हीच. पीएचपी ७ मध्ये, २०१५ अखेर, जुनी ‘मायएसक्यूएल_’ फंक्शन्सही गेली. तुमचा प्रोग्रॅम नव्या सर्व्हरवर नेताना कुणीतरी त्या सगळ्या फंक्शन्सना नुसता ‘आय’ जोडून ‘मायएसक्यूएलआय_’ केलं असेल. नावं बदलली, पण चिकटवायची पद्धत तीच राहिली.

आयफोनचं कोडं सोपं आहे. त्याचा कीबोर्ड साध्या सिंगल कोटऐवजी वळलेला, छापखान्यातला कोट घालतो. तो मायएसक्यूएलच्या लेखी कोटच नाही, ‘क’ किंवा ‘ख’सारखं एक अक्षर आहे. म्हणून क्वेरी तुटत नाही. पण आता तुमच्या टेबलात डि'मेलो दोन प्रकारचे आहेत, एक सरळ कोटवाले आणि एक वाकड्या कोटवाले. सरळ कोट टाकून शोधलंत तर वाकडे सापडणार नाहीत. साठवण्याआधी दोन्हींचं एकच रूप करून घ्या. जुन्या नोंदीही एकदा दुरुस्त करा, त्या उलट्या रेघांसकट. मात्र सरसकट अपडेट न चालवता आधी सिलेक्टनं यादी काढा आणि डोळ्यांनी पाहा.

खरा इलाज एकच, प्रिपेअर्ड स्टेटमेंट. तुमच्या काउंटरवर पैसे भरायची छापील स्लिप असते ना, तसं हे आहे. छापलेला भाग आधीच ठरलेला. सभासद रिकाम्या जागेत काहीही लिहो, त्यानं छपाई बदलत नाही. क्वेरी पाठवताना नावाच्या जागी प्रश्नचिन्ह ठेवायचं : ‘व्हॅल्यूज (?, ?)’. नाव आणि गाव वेगळं पाठवायचं. मग नावात कोट असो, कंस असो, अख्खी क्वेरी असो, ते नावच राहतं. प्रश्नचिन्हाभोवती कोट घालू नका. घातलेत तर सभासदाचं नाव ‘?’ असं नोंदवलं जाईल, आणि ते मी पाहिलेलं आहे. तुमचं पीएचपी ८.२ किंवा नवं असेल तर मायएसक्यूएलआयमध्ये ‘एक्झिक्यूट_क्वेरी’ हे एकच फंक्शन क्वेरी आणि मूल्यं दोन्ही घेतं, जुना कोड बदलायला त्यानं कष्ट कमी पडतात.

आता हे थोडं गंभीरपणे घ्या. डि'मेलोंचं नाव क्वेरी तोडू शकतं याचा अर्थ कुणीही तोडू शकतं, आणि हवी तशी जोडूही शकतं. लॉगिनच्या चौकटीत नावाऐवजी एक कोट, मग ‘ऑर’, मग नेहमी खरी ठरणारी तुलना असं लिहिलं की पासवर्ड न देता आत शिरता येतं. एसक्यूएल इंजेक्शन म्हणतात ते हेच. १९९८ च्या डिसेंबरात ‘फ्रॅक’ या हॅकर मासिकात याचं वर्णन छापून आलं होतं, म्हणजे युक्ती आता जुनी आणि सर्वांना पाठ आहे. जिथं क्वेरी तुटते तिथं निदान एरर दिसतो. जिथं ती न तुटता वेगळं काही करते, तिथं काहीच दिसत नाही. पतपेढीत लोकांच्या ठेवी असतात, म्हणून ही दुरुस्ती फक्त नोंदणीच्या पानावर करून भागणार नाही. शोध, लॉगिन, कर्ज अर्ज, सगळीकडे करा.

आणि तो एरर सभासदाला पडद्यावर दिसता कामा नये. त्यात तुमच्या टेबलांची, कॉलमांची नावं असतात. ‘डिस्प्ले_एरर्स’ बंद, ‘लॉग_एरर्स’ चालू. सभासदाला ‘नोंद झाली नाही, काउंटरवर भेटा’ एवढं पुरे.

प्रश्न : मॅम, फायनल इयर प्रोजेक्ट आहे. तुमचं ऐकून सगळीकडे पीडीओचं (पीएचपीतून डेटाबेसशी बोलायची सोय) प्रिपेअर्ड स्टेटमेंट वापरलं. पानं पाडायला ‘लिमिट ?, ?’ लिहिलं आणि एक्झिक्यूटमध्ये ॲरे दिला, तर ‘नियर ''०', '१०'' ॲट लाइन १’. दुसरं, यूजरनं निवडलेल्या कॉलमवर सॉर्ट करायला ‘ऑर्डर बाय ?’ केलं. तिथं एरर नाही, पण सॉर्टही होत नाही.
— एक विद्यार्थी, अमरावती

उत्तर : तुझा संदेश नीट बघ, शून्य आणि दहा कोटांत आहेत. पीडीओ मायएसक्यूएलशी बोलताना, तू वेगळं सांगितलं नाहीस तर, प्रिपेअर्ड स्टेटमेंटचं सोंग घेतं : मूल्यं क्वेरीत स्वतःच भरतं आणि तयार मजकूर पाठवतं. एक्झिक्यूटला ॲरे दिलास की त्यातलं सगळं तो स्ट्रिंग समजतो, म्हणून कोट लावतो. ‘लिमिट’ला मायएसक्यूएल कोटातला आकडा घेत नाही. एकतर बाइंडव्हॅल्यूनं देताना ‘पॅराम_इंट’ असं सांग, नाहीतर ‘ॲट्र_एम्युलेट_प्रिपेअर्स’ फॉल्स कर. मी दुसरं करते, कायमचं.

सॉर्टचं : प्रश्नचिन्हाच्या जागी फक्त मूल्य बसतं, टेबलाचं किंवा कॉलमचं नाव नाही. तू पाठवलेलं ‘गुण’ हे तिथं नुसता मजकूर म्हणून गेलं. प्रत्येक ओळीसाठी तोच मजकूर, मग क्रम लागणार कसा? चालतील त्या कॉलमांची यादी कोडमध्ये ठेव, यूजरची निवड त्या यादीत असेल तरच क्वेरीत घाल, नसेल तर ठरलेला कॉलम. व्हायव्हात हा प्रश्न हमखास विचारतात, नीट समजून घे.

प्रश्न : माझ्या होमस्टेच्या बुकिंग साइटवर ‘नियर '' ॲट लाइन १’ असा एरर मधूनच येतो. नियरच्या पुढे काहीच नाही! रोज येत नाही, त्यामुळे मला तो पकडताच येत नाही.
— एक वाचक, म्हापसा

उत्तर : पुढे काही नाही, कारण क्वेरीच संपली. मायएसक्यूएल आणखी काहीतरी येईल म्हणून थांबलं होतं आणि मजकूर खलास झाला. बंद न केलेला कंस असता तर रोज आला असता. तुमचा मधूनच येतो, म्हणजे एखादं व्हेरिएबल मधूनच रिकामं असतं. ‘व्हेअर खोली_आयडी =’ आणि पुढे शून्य नव्हे, काहीच नाही. कुणीतरी खोलीची लिंक अर्धवट कापून व्हॉट्सॲपवर पाठवली, पाहुण्यानं ती उघडली, आयडी आलाच नाही.

क्वेरी चालवण्याआधी आयडी आलाय का, तो पूर्णांक आहे का, हे तपासा. नसेल तर ‘खोली सापडली नाही’ दाखवा. सोबत, एरर येईल तेव्हा पूर्ण तयार क्वेरी आणि पानाचा पत्ता लॉगमध्ये लिहून ठेवा. मग तो पकडायला रात्रभर जागं राहायला नको. कोडमध्ये लिहिलेली क्वेरी लॉग करून काय फायदा, ती तर तुम्हाला पाठ आहे. शेवटी पाठवलेली हवी.

याच जातीतले आणखी दोघे सांगून ठेवते. पाहुण्यानं एकही सोय निवडली नाही तर ‘इन ()’ असा रिकामा कंस तयार होतो, तो मायएसक्यूएलला चालत नाही, संदेश येतो ‘नियर ')'’. आणि दोन तुकडे जोडताना मधली जागा राहिली तर ‘सिलेक्ट * फ्रॉम खोल्याव्हेअर आयडी = ५’ असं होतं. हा जास्त बेरकी. मायएसक्यूएल ‘खोल्याव्हेअर’ला टेबल समजतं, ‘आयडी’ला त्याचं टोपणनाव समजतं, आणि अडतं ते ‘= ५’ पाशी. संदेशात बरोबरच्या चिन्हाकडे बोट, चूक मात्र दोन शब्द मागे. म्हणून नियरच्या मजकुरात काही वावगं दिसलं नाही तर त्याच्या अलीकडे वाचत जायचं.

प्रश्न : मराठी शाळेच्या हजेरीचं छोटं ॲप केलंय, पोस्टग्रेस या डेटाबेसवर. एआयला विचारून क्वेरी घेतली : ‘व्हेअर स्थिती = "गैरहजर"’. पोस्टग्रेस म्हणतं, ‘गैरहजर’ नावाचा कॉलमच नाही. मायएसक्यूएलवर तीच क्वेरी चालते.
— एक वाचक, लंडन

उत्तर : डबल कोट हा पोस्टग्रेसमध्ये नावांसाठी असतो, मजकुरासाठी सिंगल. मायएसक्यूएल एरवी डबल कोटही मजकूर म्हणून चालवून घेतं, तो त्याचा लाड. सिंगल कोट दोन्हीकडे चालतो, तोच हाताला लावून घ्या. एसक्यूएलचं अमेरिकन प्रमाण १९८६ सालचं आहे, पण प्रत्येक डेटाबेसची बोली वेगळी : मायएसक्यूएलचा ‘लिमिट १०’ एसक्यूएल सर्व्हरवर ‘टॉप १०’ होतो, पोस्टग्रेसचं ‘आयलाइक’ मायएसक्यूएलला कळत नाही. एआयला विचारताना कुठला डेटाबेस आणि कुठली आवृत्ती हे आधी लिहा. ‘सिलेक्ट व्हर्जन()’ मायएसक्यूएल आणि पोस्टग्रेस दोन्हीकडे चालतं, त्याचं उत्तर तसंच्या तसं चिकटवा.

प्रश्न : ताई, मी निवृत्त शिक्षक आहे, गावच्या ग्रंथालयाचं काम पाहतो. एका माजी विद्यार्थ्यानं ॲप करून दिलं आणि लागली तर असू दे म्हणून क्वेरीही वहीत लिहून दिली. मी ती ‘व्हेअर दाखल_क्र = १२’ अशी टाकली, तर १०६४ नाही, ‘अननोन कॉलम '१२' इन 'व्हेअर क्लॉज'’ आलं. १२ हा कॉलम कसा? आणि ॲपमध्ये शोधाच्या चौकटीत १२ टाकलं तर एररही येत नाही आणि पुस्तकही सापडत नाही. पुस्तक कपाटात आहे!
— एक वाचक, रत्नागिरी

उत्तर : सर, तुमचा कीबोर्ड मराठीवर आहे. मायएसक्यूएलला आकडा म्हणून फक्त रोमन लिपीतले शून्य ते नऊ कळतात. देवनागरी १ आणि २ ही त्याच्या दृष्टीनं अक्षरं, आणि अक्षरांपासून नाव बनतं. म्हणून व्याकरण त्याला पटलं, आणि मग ते ‘१२’ नावाचा कॉलम शोधत बसलं.

वर्डमधून किंवा व्हॉट्सॲपवरून चिकटवलेल्या क्वेरीचीही अशीच गत होते. वाकडे कोट आत शिरतात, मधली मोकळी जागा कधी साधी नसते, वेबपानावरची न तुटणारी जागा असते. डोळ्यांना क्वेरी निर्दोष दिसते आणि एरर हटत नाही. अशा वेळी कोट आणि जागा खोडून हातानं पुन्हा टाइप कराव्यात, साध्या नोटपॅडमध्ये.

शोधाच्या चौकटीचं मात्र विद्यार्थ्यालाच सांगा. त्यानं प्रिपेअर्ड स्टेटमेंट वापरलेलं दिसतं, शाबास. म्हणून तुमचा १२ मजकूर म्हणून सुरक्षित पोचला. पण दाखल क्रमांकाच्या कॉलमशी तुलना करताना मायएसक्यूएलनं त्या मजकुराचा आकडा करायचा प्रयत्न केला, त्याला आकडा सापडला नाही, त्यानं शून्य धरलं. शून्य क्रमांकाचं पुस्तक तुमच्याकडे नाही. फॉर्ममधून आलेल्या मजकुरातले ० ते ९ हे दहा देवनागरी अंक त्यांच्या रोमन जोडीदारांत बदलायचे, पीएचपीत ‘एसटीआरटीआर’ हे फंक्शन एका ओळीत ते करतं, आणि मग क्वेरीला द्यायचे. गावातल्या वाचकांनी मराठी कीबोर्ड बदलायची गरज नाही, तुम्हीही बदलू नका. त्याला म्हणावं सभासद क्रमांकाच्या चौकटीलाही तेच कर, आणि परतीच्या तारखेलाही.